डावं पान, उजवं पान

लीलम्माने दिलं ते हॉर्लिक्सच्या बाटलीत,
पेपरात गुंडाळून, चोरीचा माल द्यावा तसं.
"आई आहे ही," म्हणाली, "सारखं उघडून बघायचं नाही.
चहा द्यायचा, साखर द्यायची, एकटं सोडायचं."
झाकण काढलं तर आत तरंगत होती
जाड, फिकट साय,
कानाच्या पाळीसारखी मऊ.

कोपरखैरण्यात आमचं स्वयंपाकघर
दोन पावलं आणि एक वळण.
हात आधी सासूबाईंच्या पितळी डब्याकडे गेला,
मग आठवलं, ताकसुद्धा कळकतं त्यात.
लोणच्याच्या बरणीलाही तू नको म्हणालास,
जुन्या झिलईत काय काय असतं, आंबटाने सुटतं.
शेवटी काच. कढत पाण्याने धुतलेली.
तोंडावर लुगड्याचं फडकं, वर नाडा.

दोन लिटर पाणी, सहा चमचे पत्ती, वाटीभर साखर.
गार होईस्तोवर थांबायचं,
गरम ओतलंस तर मरेल, लीलम्मा म्हणाली,
तिच्या वॉर्डातल्या आवाजात.
मग जुन्यातलं वाटीभर नव्यात.
हे तर विरजणच की, मी म्हटलं.
ती म्हणाली, मग हात धुतलेस का?

तीन दिवस काही नाही.
पाचव्या दिवशी ओट्याखालून वास आला,
इडलीच्या पिठाचा, कच्च्या सफरचंदाचा.
सातव्या दिवशी तू पट्टी बुडवलीस.
तीस वर्षं रबाळ्याच्या रंगकंपनीत
तू हेच केलंस, बुडवलंस, बघितलंस, लिहिलंस.
"तीन पॉइंट दोन," म्हणालास,
आणि किती दिवसांनी ताठ बसलास.

मी पेला भरला, सवयीने तुझ्यापुढे ठेवला.
तू तो एका बोटाने मागे सारलास.
"जिवंत आहे ते.
मला जिवंत काही चालत नाही."

दोन वर्षं झाली
उरणच्या गुलाब वन्संचं मूत्रपिंड तुझ्यात नांदतंय.
सकाळी आठ, रात्री आठ, गोळ्या,
शरीराला पत्ता लागू द्यायचा नाही
की पोटभाडेकरू ठेवलाय.
पहारेकरी झोपवलेला,
म्हणून दार कुणालाच उघडायचं नाही.

वरच्या मजल्यावरच्या कुमुद गावंड म्हणतात, गुडघे हलके झाले.
त्यांचा जावई म्हणतो, साखर उतरते, कॅन्सरसुद्धा.
तू म्हणालास, पट्टीला फक्त आंबटपणा कळतो,
बाकीचं कुणी मोजलंय?
मी अर्धा पेला पिते, दुपारच्या जेवणावर.
बाटलीतली काळी थंडाई सुटली, एवढं खरं.
पोट बरं वाटतं. वाटतं, असंच म्हणते.
गावंडांच्या गरोदर सुनेने मागितलं
तर नाही दिलं. तिला राग आला. येऊ दे.

भाद्रपदात सायीवर एक ठिपका आला,
हिरवा, कोरडा, लव असलेला.
मी चमचा घेतला, वरचं काढून टाकू म्हणून;
लोणच्याचं आई असंच करायची.
तू म्हणालास, फेक.
सगळं?
सगळं.
आईसकट?
तू वही बंद केलीस.

लीलम्माकडे दुसरी तयार होती.
हॉर्लिक्सचीच बाटली.

वही एकच आहे आपली.
डाव्या पानावर बरणी,
उजव्या पानावर तू:
दाब, वजन, लघवी, क्रिएटिनिन.
एक पॉइंट दोन. एक पॉइंट तीन. एक पॉइंट दोन.
काल रात्री दूध झाकायला उठले,
वही उघडीच होती टेबलावर,
तुझ्या रकान्यात, तुझ्या अक्षरात
तीन पॉइंट एक.

किती वेळ उभी होते, माहीत नाही.
फ्रिज बंद झाला, परत सुरू झाला.
ओट्याखाली काहीतरी बारीक फसफसत होतं.
मग तुला हलवलं, वही नाकापुढे धरली, दिवा लावला.
तू डोळे बारीक केलेस, चष्मा चाचपलास,
आणि पुन्हा कुशीवर वळत म्हणालास,
"बरणी गं ती.
बरणी."